लाल बरणी

माझ्या आईचं कन्नड ही आमच्या घरातली कायमची करमणूक होती. बाबांची नोकरी बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात, म्हणून लग्न होऊन ती पुण्याहून इथे आली आणि चाळीस वर्षं राहिली. पण भाजीवाल्याला सांगायची ते "अण्णा, कोथिंबीर स्वल्प जास्त हाका" असलं अर्धं मराठी, अर्धं कन्नड; म्हणजे थोडी जास्त घाला. मी इथेच जन्मले, इथेच शिकले. तिच्या चुका चारचौघांत सुधारणं हा मी माझा हक्कच समजायचे. आता ती नाही, आणि कुणाचं काही सुधारावंसंही वाटत नाही.

बाबा गेले त्यानंतरचं वर्ष फार वाईट गेलं. आई जे. पी. नगरातल्या आमच्या बाल्कनीत बसून राहायची. देवळात नाही, शेजारच्या अक्कांकडे हळदीकुंकवाला तर नाहीच. मला सगळ्यात जास्त सलायचं ते तिचं मोकळं कपाळ, कारण त्यात माझा हात होता. तेराव्याच्या आधी आत्याने आईचा कुंकवाचा करंडा माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "ने हा इथून, तिच्या नजरेसमोर नको." एरवी उठसूट भांडणारी मी, त्या दिवशी मुकाट्याने तो कामवाल्या बाईंना देऊन मोकळी झाले. आईला विचारलंसुद्धा नाही. पुढे मला अक्कल सुचली आणि मी तिच्या मागे लागले, "अगं, निदान टिकली तरी लाव. आता कोण मानतं हे सगळं?" ती "राहू दे" म्हणायची आणि कूस बदलायची.

अशातच कुणीतरी मला एका बेटावरच्या गावाबद्दल सांगितलं. नदीच्या दोन धारांमध्ये वसलेलं, घरोघरी लाकडाची रंगीत खेळणी करणारं. आईला विचारलं तेव्हा नाहीच म्हणेल असं धरून चालले होते. ती चक्क उठली आणि म्हणाली, "चल. पण परतीला उशीर नको."

म्हैसूर रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. आई वाटेत इडली खाऊन मस्त झोपली. नदीवर मात्र तिची तंतरली. पलीकडे जायला होती वेताची, टोपलीसारखी गोल नाव, आणि ती स्वतःभोवती फिरतच पुढे जायची. माझं मनगट आवळून आई म्हणाली, "बुडवतेस की काय म्हातारीला!" कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात असा खट्याळपणा ऐकला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि काय ते गाव! एक भिंत पिवळीधमक, तर दुसरी निळी, दारं हिरवी. अंगणात लाकडाच्या भुश्शाचे ढीग आणि ओट्यांवर वाळत घातलेले भोवरे, बाहुल्या, खुळखुळे. आई प्रत्येक ओट्यापाशी थांबत होती. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराच्या पडवीत आम्ही टेकलो. त्याच्या समोर यंत्रावर लाकूड गरगर फिरत होतं. त्याला त्याने लाखेची पिवळी कांडी टेकवली, तशी घासून घासून लाख वितळली आणि बघता बघता लाकूड पिवळं झालं. मग केवड्याचं सुकं पान दाबून धरलं, की आली चकाकी. आई पुढे सरकून बघत होती.

"अण्णा," ती एकदम म्हणाली, "ओंदु बरणी बेकु." एक बरणी हवी.

मला वाटलं, हिला मेतकुटासाठी हवी असणार. त्याने विचारलं, "याव बण्णा?" कुठला रंग? आई म्हणाली, "केंपु." लाल. त्याने लिंबाएवढा लाकडाचा तुकडा यंत्रावर चढवला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने बरणीचं भरणी ऐकलं होतं, आणि कन्नडमध्ये भरणी म्हणजे कुंकवाचा करंडा! आपल्या लोणच्याच्या बरणीचा इथे काय संबंध? आता हा तिच्या हातात करंडा ठेवणार.

मी घाईघाईने म्हणाले, "तप्पु, अण्णा, तप्पु आयतु!" चूक झाली, यांना डबा हवाय, कुंकवाचं काही नको. त्याने यंत्र थांबवलं. आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि संकोचून मान खाली घातली.

"तप्पु इल्ला," काही चूक नाही, असं आई शांतपणे त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चाळीस संक्रांती काढल्यात मी या शहरात. भरणी म्हणजे काय हे मला कळत नाही होय?"

शेजारचा एक भोवरा उचलून ती पुढे म्हणाली,

"पहिला करंडा तू देऊन टाकलास. मला विचारलं असतंस तर देऊ नको म्हणाले असते. तुझ्या त्या चिकटवायच्या टिकल्या मला नकोच होत्या गं. मी कुंकू लावणारी बाई."

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले आणि तिथेच, त्या परक्या माणसासमोर, ढसाढसा रडले. तिने माझी समजूतबिमजूत काही काढली नाही. थोडा वेळ रडू दिलं.

"आता डोळे पूस आणि तुझ्या त्या चांगल्या कन्नडमध्ये सांग त्याला," ती म्हणाली, "झाकण नीट बसव म्हणावं. रोज उघडायचंय मला."