विक्रोळी ते गोरेगाव, न ओरडता

लोक लडाखला जाऊन आले की लिहितात. आम्ही गोरेगावला जाऊन आलो. ज्यांच्या घरात पाय न ऐकणारं माणूस आहे त्यांना हे उपयोगी पडेल, बाकीच्यांनी लडाखचं वाचावं.

माझी नात सुजाता तेवीस वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, घरात आम्ही सीपी म्हणतो. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. डॉक्टरांनी सांगितलं की ती इजा वाढणार नाही आणि जाणारही नाही. पायांचे स्नायू ताठ राहतात, थकल्यावर किंवा घाई केल्यावर आणखी ताठतात. बोलणं सावकाश आणि जड येतं, म्हणून लोकांना वाटतं तिला समजतही सावकाश. तिनं पदवी घेतली आहे. मी सातवीनंतर कारखान्यात लागलो. आमच्या घरात सावकाश समजणारा कोण, ते सगळ्यांना माहीत आहे.

गोरेगाव पूर्वेला एका छोट्या ऑफिसात मालिकांच्या चित्राखाली येणारे शब्द लिहायचं काम तिला मिळालं. तिथं जाऊनच करायचं. माझी सून कल्पना म्हणाली, "आधी एकदा सगळा रस्ता करून दाखव. आजोबा बरोबर जातील. पडलीस तर विषय बंद, घरी बसून काय मिळतंय ते बघू."

खरं सांगायचं तर विषय बंद झाला असता तर मला बरं वाटलं असतं. मला रात्री रस्ताच दिसत होता. मी पिशवीत पट्ट्या, मलम, ग्लुकोज, टॉर्च आणि चपलांचा जास्तीचा जोड घेतला.

"टॉर्च कशाला?" सुजातानं विचारलं.

"लाइट गेली तर."

"आजोबा, आपण सकाळी चाललोय."

शनिवारी निघालो. विक्रोळीच्या पार्कसाइटवरून घाटकोपर मेट्रोपर्यंत रिक्षा घ्यावी, मीटरनं येते. बसताना घाई करू नये. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. चाकांचा वॉकर घडी होऊन पायांपाशी मावतो. रिक्षावाल्यानं मदत म्हणून तिचा हात ओढायला घेतला.

"ओढू नका," ती म्हणाली. "मी येते."

"या सावकाश. मीटर चालूच आहे," तो म्हणाला. चांगला माणूस होता. खड्डे चुकवत नव्हता, पण खड्डा यायच्या आधी सांगत होता.

घाटकोपरला लिफ्ट आहे. लिफ्टसमोर रांगही आहे, आणि रांगेत बहुतेक जण धावू शकतील असे होते. सुजाता वॉकर धरून उभी राहिली. कुणी हललं नाही. मग तिनंच पुढच्या तरुणाला विचारलं, "दादा, तुमचे पाय दुखतायत का?" तो जिन्यानं गेला.

तिकीट खिडकीवरच्या बाईंनी मला विचारलं, "हिला कुठं जायचंय?" सुजातानं तोंड उघडलं, तोवर मी गोरेगाव सांगून मोकळा झालो.

"आजोबा, मी बोलत होते."

"मागे रांग आहे गं."

"रांगेला काही होत नाही."

मेट्रोत जागा मिळाली. शेजारच्या मावशी बराच वेळ तिच्या पायांकडे बघत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "जन्मापासूनच का हो?"

"नाही, गुरुवारपासून," सुजाता म्हणाली.

मावशींना ते कळायला साकीनाका आलं. मग त्या हसल्या, आणि तरीही तिळाच्या तेलाची मालीश सांगूनच उतरल्या.

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरायचं आणि पुलावरून गुंदवली स्टेशनला जाऊन मेट्रो बदलायची. पूल रुंद आहे, फरशी गुळगुळीत आहे. समोरून एक माणूस चाकांची मोठी बॅग ओढत, फोनवर बोलत येत होता. मला वाटलं, हा आता धडकणार. मी ओरडलो, "सुजाता, सांभाळ!"

तिचे दोन्ही हात वर उडाले. गुडघे एकमेकांत अडकले. वॉकर पुढे गेला आणि ती खाली बसली. बॅगवाला अजून बराच लांब होता. तोही दचकून थांबला होता.

लोक जमले. कुणी पाणी आणा म्हणालं. एक गृहस्थ म्हणाले, "फिट आली, चप्पल हुंगवा," आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःचा बूट काढला.

"आजोबा," सुजाता खालूनच म्हणाली, "त्यांना बूट घालायला सांगा."

मी सांगितलं. त्यांनी घातला, जरा नाराजीनं.

तिला उठवू नये, उठू द्यावं. तिनं वॉकर जवळ मागितला, ब्रेक लावला, आधी गुडघ्यावर आली, मग एक पाय रोवला. वेळ लागला. मी दोनदा हात पुढे केला आणि तिनं दोनदा नाही म्हटलं. गुडघा खरचटला होता. पिशवीतलं मलम कामाला आलं, हे मी तिला सांगितलं. कठड्याला टेकून तिनं दम घेतला.

"मोठा आवाज अचानक आला की माझं अंग उडतं," ती म्हणाली. "सीपीत होतं तसं बऱ्याच जणांना. मला तो माणूस दिसला होता. मी थांबणारच होते."

"अगं, मी काळजीनं ओरडलो."

"मला माहितीये ते. पायांना माहीत नाही."

"मग आता? परत जायचं?" मी विचारलं. ती पडली होती, म्हणजे विषय बंदच होता.

"पुढं जायचं. अर्धाच रस्ता झालाय. आणि आता काही दिसलं तर बोलायचं नाही."

"काहीच?"

"तोंडात काहीतरी धरा."

लिमलेटच्या गोळ्या पिशवीत होत्या. मी एक धरली.

गोरेगाव पूर्वेला लिफ्टनं खाली आलो. तिथून ऑफिस जवळ आहे, पण फुटपाथ उखडलेला आहे, म्हणून सर्व्हिस रोडच्या कडेनं जावं लागतं. मागून एक मोटारसायकल चुकीच्या बाजूनं आली. मी गोळी चावली. सुजातानं आवाज ऐकला, वॉकर भिंतीकडे वळवला, थांबली. गाडी गेली. ती पुन्हा चालू लागली. माझ्या दातात कळ आली, बाकी काही झालं नाही.

ऑफिसच्या दाराशी एक उंच पायरी आहे, कठडा नाही. वॉचमन पुढे आला आणि तिलाच म्हणाला, "म्याडम, कुठं धरू?"

"धरू नका. कोपर पुढं करा, मी धरते."

त्यानं केलं, ती चढली. सोमवारीही इथं तोच असतो का, हे तिनं विचारून घेतलं. असतो.

जेवायला कोपऱ्यावरच्या उडप्याकडे गेलो. थाळी बरी आहे, आमटी गोड. चहा मागवताना तिनं वेटरला सांगितलं, "कप अर्धाच भरा, नंतर उरलेला आणा." भरलेला कप तिच्या हातात हिंदकळतो. मी मध्ये बोललो नाही. तोंडात घास होता.

परतीला त्याच पुलावरून आलो. गर्दी जास्त होती. मी तिच्या मागून चाललो, पुढचं मला नीट दिसत नव्हतं. ते बरं झालं. ती पडली नाही.

घरी कल्पना दारातच होती. "पडली का?"

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. रस्त्यात ती म्हणाली होती, काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी खोटं बोलायला लावणार नाही. हो म्हटलं की ती घरात राहणार होती. मला तेच हवं होतं, सकाळी तरी.

"पडली," मी म्हणालो. "मी ओरडलो म्हणून पडली."

कल्पनानं तिचा गुडघा बघितला. मग मला विचारलं, "त्याच्यानंतर ओरडलात?"

"नाही."

"तेव्हा पडली?"

"नाही."

"मग सोमवारपासून तिनं जायचं," ती म्हणाली. "तुम्ही घरी राहायचं, बाबा."

आज सोमवार आहे. सुजाता सकाळी एकटी गेली. पोचल्यावर मेसेज करते म्हणाली आहे. फोन करावा असं मला सारखं वाटतंय, पण ती पुलावर असली आणि पिशवीत अचानक रिंग वाजली तर काय, म्हणून करत नाही. हातात फोन आहेच, त्यावर हे लिहीत बसलो आहे. मेसेज अजून आलेला नाही. कल्पना म्हणते, आता कुठे साकीनाका आलं असेल.