माझ्या नावाची मोटार

परदेशातून आलेली मोटार माझ्या नावावर आहे, म्हणून मी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. हो, मीच ती शहाणी. नातवंडं हा किस्सा परत परत सांगायला लावतात अन् पोट धरून हसतात. मीही हसते. पुढचं सांगू लागले की जवळ सरकून बसतात.

वर्ध्यात एका शेठकडे मी धुणीभांडी करत होते. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. त्या घरात माझं नाव 'लंगडी'. पोरंसोरंही तशीच हाक मारायची अन् मी 'आली जी' म्हणत धावायची. धावायची कसली, फरफटायची.

एक दिवस शेठ म्हणाला, "मावशी, बसा." सात वर्षांत पहिल्यांदा. मी विरघळले. बाहेरच्या देशातून गाडी आणली की सरकार भारी ड्युटी लावतं, पण अपंगाच्या नावानं आणली तर बरीच माफ होते, असं त्यानं समजावलं. मी अपंगत्वाचा दाखला दिला. सातवी पास असल्याचा तोरा केवढा. भराभर झोकात सह्या ठोकल्या. एक कागद वाचला नाही. उलट मुनीमाकडून झेरॉक्स मागून आणल्या, मोहल्ल्यात मिरवायला.

गाडी आली. अपंगाला चालवता यावी म्हणून क्लच हाताशी बसवलेला. तपासणी झाली अन् शेठनं तो काढून टाकला. मी नवं पातळ नेसून गेले, गाडीला ओवाळलं अन् दार उघडून आत बसले.

शेठाणी गॅलरीतून ओरडली, "उतर वं लंगडे. सीट कोन धुवीन मंग?"

मीच धुतली. बादली शेठनं आणून दिली. गाडी पाहायला आलेले पाहुणे उभ्यानं बघत होते, हसत होते. सीट पुसता पुसता मी शेठला दाखला परत मागितला.

तो म्हणाला, "काऊन पाह्यजे तुले? तुया पायाचा तेवढाच उपयोग झाला."

रडले नाही. घरी जाऊन त्या झेरॉक्स वाचल्या. बोट ठेवून, ओळ न् ओळ. गाडी अपंगाच्याच वापराची. दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही. अट मोडली की माफ केलेली सगळी ड्युटी वसूल, वर दंड. शेठनं मला वाचलं होतं, आता मी त्याला वाचलं.

बसनं नागपूरला गेले. कस्टमच्या साहेबापुढं अर्ज ठेवला.

"बाई, कागदावर मालक तुम्ही आहात. तुम्हीही अडकाल."

"अडकू द्या जी. पहिले गाडी उचला."

काम गेलं. नोटीस माझ्याही नावानं निघाली. निघू दे.

गाडी उचलायला आले त्या दिवशी मी तेच पातळ नेसून गेले. शेठनं हात जोडले, "मावशी, सांगा ना साहेबाले, गाडी तुमीच वापरता म्हणून."

"वापरली ना जी. एकडाव. मंग धुतली."

साहेबानं पंचनामा माझ्यापुढं धरला. मालकाची सही. मी फाटकासमोर, त्याच गाडीच्या सीटवर बसले. चष्मा काढला, पुसला, लावला. पहिल्या पानापासून सुरुवात केली. शेठ उन्हात. अख्खी गल्ली फाटकाशी. माझं नाव यापुढं कोणी फुकट वापरणार नाही, अन् ज्यानं वापरलं त्याला सावली मिळणार नाही. तिसऱ्या पानावर होते तेव्हा गॅलरीतून शेठाणी बोलली,

"आवो मावशी, किती वाचून राह्यल्या? करा ना सही, लोकं पाहून राह्यले."