शर्यतीच्या मागच्या गाड्या

आमच्या तांड्यावरचा वारा एवढा जोराचा, की कोंबडी अंडं घालते हिंगोली जिल्ह्यात आणि ते जाऊन पडतं नांदेड जिल्ह्यात. लोक हसतात. हसू द्या. त्या अंड्याचं आमलेट खाल्लेली माणसं अजून जिवंत आहेत.

बाळापूरच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून माझं पंक्चरचं दुकान आहे. दुकानापुढं एक जुनी पिकअप उभी असते, तिच्या मागं साखळी आणि लोखंडी दांडा. रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून आणायची, म्हणजे टोचन करायचं, हा माझा धंदा. उसाच्या दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर ओढलाय, नवरदेवासकट लग्नाची बस ओढलीय, आणि एकदा एका पुढाऱ्याची गाडी त्याच्या आश्वासनांसकट ओढली. सगळ्यात जड तीच निघाली.

अशा माणसाला छंद कोणता असावा? रॅलीच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांच्या मागं जी मदतीची वाहनं जातात, त्यांच्या छोट्या प्रतिकृती मी जमवतो. खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या, धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या.

झालं असं, की दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि मोबाईलवर वाळवंटातली शर्यत चालू होती. एक गाडी तीन कोलांट्या मारून आडवी झाली. कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडावर. पण मागून धुळीतनं हळूहळू एक ट्रक येताना मला दिसला. टपावर टायर, बाजूला पाण्याचे डबे, आत मिस्त्री आणि स्वयंपाकी. मी खुर्चीतनं उठलोच. अरे, ही तर आपली माणसं! आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फौजांच्या मागं चालत. लढणाऱ्याचं नाव झालं, त्याच्या घोड्याचंही झालं. त्या घोड्याचे चणे ज्या बैलानं वाहिले, त्याचं नाव सांगा बरं कुणी!

पहिला ट्रक नांदेडच्या एका खेळण्यांच्या दुकानात, कोपऱ्यात धूळ खात पडलेला सापडला. नंतर पार्सलं येऊ लागली. टायरची गाडी, इंधनाचा टँकर, क्रेन, स्वयंपाकाची व्हॅन, नखाएवढा जॅक असलेली मिस्त्र्यांची गाडी. आमच्या लग्नात बायकोकडनं आलेल्या काचेच्या कपाटातले कप हळूहळू चुलीकडं सरकले आणि तिथं माझा काफिला उभा राहिला. शर्यतीची गाडी मात्र मी एकही घेतली नाही. तिला विकत घेणारे जगात ढीगभर आहेत.

"हे म्हणजे नवरदेवाबिगर वरात झाली," बायको म्हणायची.

"नवरदेव पुढं गेलाय. आपण त्याच्या मागं," मी म्हणायचो.

आम्हाला मूलबाळ नाही. सगळे दवाखाने आणि सगळे देव झाले. एकदा शेजारच्या तांड्यावरची एक बाई हळदीकुंकवाला आली. कपाटाकडं बघून हळूच सोबतिणीला म्हणाली, "बिचारीनं खेळणी तर जमवून ठेवली." मी तिला मोठ्यानं सांगितलं की यातली क्रेन मी स्वतः वाळवंटात चालवलीय आणि एका गोऱ्या साहेबाला वाळूतनं मुळासकट उपटून काढलंय. सगळ्या बायका हसल्या. माझी हसली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या काचेला आतनं पडदा लागला.

तो पडदा काढला माझ्या पुतणीनं.

माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको उसतोडीला जायचे. दिवाळी झाली की तांड्यावर मुकादमाचा ट्रक यायचा. भांडी, पीठ, मिरच्या, शेळ्या आणि माणसं भरून घाटाखालच्या कारखान्याकडं जायचा, तो गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचा. पोरीचं अंगावरचं दूध नुकतंच सुटलं होतं. उसाच्या फडात, थंडीत, बांधावर तिला कुठं टाकणार? भावजयीनं तिला माझ्या बायकोच्या कडेवर दिलं आणि मागं न बघता ट्रकात चढली. त्या वर्षापासून हिवाळाभर पोरगी आमची. पावसाळ्यात आईबाप शेजारच्या घरात असायचे तेव्हा निजायला तिकडं, पण ताट आमच्याकडंच. मला मोठे पप्पा म्हणायची, बायकोला मोठी आई.

भावजय माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत आहे. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाईनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मी हातभर अंतरावर बसलेलो असलो तरी ती पोरीलाच म्हणायची, "मोठ्या पप्पाला सांग, चहा निवून राहिला." मी म्हणायचो, "आईला सांग, साखर कमी हाय." पोरगी दोघांच्या मध्ये उभी राहून निरोप इकडून तिकडं पोचवायची, आणि मध्येच आपल्या मनाचंही घालायची. "आई म्हणती, मोठ्या पप्पांनी मला जिलेबी आणावी." पदराआडनं हसू यायचं. ते निरोप आणि ते हसू, भावजयीचा तेवढाच आवाज मला ठाऊक होता.

एक दिवस दुकानातनं आलो तर कपाट उघडं, आणि माझा सगळ्यात किमती ट्रक अंगणात. त्याचे सुटे टायर काढून शेणाच्या सारवणावर मांडलेले, आणि टपावर ज्वारी भरलेली. ज्वारीवर चिंधीचं गाठोडं, त्यावर काडीचा कोयता.

"अगं ए बया! टायर कुठं ठेवले? शर्यतीत टायर फुटला तर?"

"फुटल्यावर बघू की. आधी माणसांनी खायचं काय?"

"आन् ही क्रेन अशी उलटी काहून?"

"ती शेळी हाय."

परदेशात माझ्यासारखे जमवणारे लोक आहेत. ते हातमोजे घालून गाडी उचलतात, खोक्यालासुद्धा जीव लावतात. त्यांच्यातल्या एकानं हा प्रकार बघितला असता तर तो तिथंच सारवणावर आडवा झाला असता. मीही दोन मिनिटं छातीला हात लावून बसलो. मग उठून तिला म्हणालो, "मिरच्या राहिल्या." तिनं लाल दोऱ्याचे तुकडे आणले.

अशी सहा-सात वर्षं गेली. दर दिवाळीनंतर एक नवी गाडी यायची. मी म्हणायचो माझ्यासाठी, आणि पार्सल फोडायचं तिनं. माझ्या थापांवर तिचा एवढा विश्वास, की शाळेत कुणी शंका घेतली तर ती मारामारी करून यायची.

गेल्या दिवाळीच्या आधी भावाला घाटाखालीच एका बागायतदाराकडं ट्रॅक्टर चालवायचं बारमाही काम लागलं. राहायला पत्र्याची खोली, जवळच शाळा. आता परत यायचं नव्हतं, आणि पोरीलाही न्यायचं ठरलं.

हे कळलं त्या दिवशी बायकोनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "तुमी साऱ्या दुनियेच्या गाड्या ओढून आणता. सख्ख्या भावापाशी एक शब्द टाकता येत न्हाई?"

"काय म्हणू?"

"म्हणा, पोरगी ऱ्हाऊ द्या. तुमाला अजून होतील. आमाला कुठून व्हणार?"

मी भावाला दुकानावर बोलावलं. बाप गेला तेव्हा हा चड्डीत होता. मीच वाढवला, मीच लग्न लावलं. आमच्या घरात त्यानं मला 'न्हाई' म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. मी म्हणालो, "पोरगी आमच्यापाशी ठेव. कायमची."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमचा शब्द मी कधी मोडला का?" आणि निघून गेला.

ते 'हो' होतं असं मी धरलं. साखळी लावली की गाडी येते. गाडीला कोण विचारतं!

बायकोनं लापशी केली आणि तांडाभर वाटली. बाळापूरला जाऊन शाळेचा नवा गणवेश शिवायला टाकला, एक बोट मोठाच, पोरगी वाढती म्हणून. ती गाणं म्हणत भांडी घासत होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला गाता येतं हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर त्यांना न्यायला मुकादमाचाच ट्रक आला, त्या सकाळी मी अंगणात बाजेवर बसलो होतो. पोरगी घरामागं खेळत होती. भावजय दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडावर. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं. मी भिंतीकडं बघून म्हणालो, "पोरगी मागं खेळून राहिली."

तिनं पदर मागं सारला.

इतक्या वर्षांत मी तिचं तोंड पहिल्यांदा बघितलं. तीच हनुवटी, तेच जवळजवळचे डोळे, रागात वर चढणारी तीच एक भुवई. माझ्या अंगणात ट्रकात ज्वारी भरणारा चेहरा, फक्त उन्हानं रापलेला.

"दादा," ती म्हणाली. "तुमच्या भावाला तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई. मला येतं."

मी बाजेवरनं उठून उभा राहिलो.

"मी लेकरू तुमच्यापाशी ठिवलं व्हतं. दिलं नव्हतं. तुमी दोघांनी लय केलं, त्याला तोड न्हाई. पण फडात मोळी डोईवर घेतली की मला दरसाल वाटायचं, एवढीच झाली असंल ती, एवढ्याच वजनाची. वजनावरनं वाढवली मी तिला. आता मला बघून वाढवायची हाय. माझं लेकरू द्या."

वाळवंटात गोरा साहेब उपटून काढणारा मी, पण माझ्या तोंडातनं एक थाप निघेना. खरंही काही निघेना.

बायको आतनं आली होती. हाताला पीठ तसंच. ती भावजयीकडं बघत राहिली, आणि मला वाटलं आता ही ओरडेल, नाहीतर पडेल. ती आत गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. पोरीचे कपडे घडी करून, वर तो मोठा गणवेश ठेवून, गाठोडं बांधून बाहेर आली.

"तिला पाय घासल्याबिगर झोप येत न्हाई," ती म्हणाली. "वांगं खात न्हाई, पण मसाल्यात दडवलं तर खाती. ताप आला की आधी कान गरम व्हते, कान बघत जा. आन् रागावली की बोलू नको तिच्याशी, आपोआप येऊन टेकती."

भावजय एकेक गोष्टीला मान हलवत होती. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी पिकअपचा हवा भरलेला टायर पुन्हा तपासायला गेलो.

पोरगी? तिचा आनंद अंगणात मावेना. खरा ट्रक, आईबापासोबत, गाठोड्यांच्या अगदी वर! मी तिला कपाटापाशी नेलं. एकही गाडी मी कधी घराबाहेर जाऊ दिली नव्हती, पण म्हणालो, "सगळ्या ने."

तिनं विचार केला. "आई म्हणती, खोली बारकी हाय. ऱ्हाऊ द्या इथंच." आणि पळाली.

ट्रक निघाला तेव्हा भावजय वरनं मला म्हणाली, "दादा, येतो आमी." पोरीनं आईकडं चमकून बघितलं, आपलं काम कुणी काढून घेतल्यासारखं.

मुकादमाचा तो ट्रक म्हणजे चाकांवरचं भंगार. दरसाल वसमतच्या आत कुठंतरी बंद पडायचाच आणि मलाच बोलावणं यायचं. मी पिकअप काढली आणि मागं लागलो. मनात देवाला म्हणत होतो, एक नळी फुटू दे, एक पट्टा तुटू दे, तासभर तर तासभर. त्या दिवशी तो ट्रक विमानासारखा पळाला. वसमत आलं, गेलं. वर बसलेली पोरगी वाऱ्याला तोंड देऊन पुढंच बघत होती. परभणीच्या रस्त्यावर माझ्या डिझेलचा काटा लाल रेघेवर आला, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. डिझेल असतं तर कुठवर गेलो असतो, मला माहीत नाही.

नव्या गाड्या मी मागवत नाही. कपाट आहे तसं आहे. बायको ते पुसते.

भावजयीचा फोन मात्र येतो. एकदा उघडलेलं तोंड तिनं परत झाकलं नाही. "दादा, जेवले का? पाऊस हाय का तिकडं?" पोरीला बोलाव म्हटलं तर ती मैत्रिणींसोबत खेळायला गेलेली असते. आली तरी 'हं, हं' करून पळते. लेकरं पुढं बघतात, तेच बरोबर आहे.

परवा फोन आला तेव्हा भावजयीचा आवाज वेगळा लागला. बायको शेजारी शेंगा फोडत बसली होती, फोनचा स्पीकर चालू होता.

"दादा, एक इचारू? ती झोपेत उठती आन् मोठी आई, मोठी आई करती. मी जवळ घेतलं की डोळे उघडून बघती आन् गप व्हती. दिवसा माझ्याच मागंमागं असती. पण झोपेत..." ती थांबली. "मी आणली ते चुकलं का?"

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

हेच तर आम्हाला ऐकायचं होतं. एक शब्द बोललो असतो तर कदाचित पुढच्या गाडीनं पोरगी इथं आली असती. मी फोन जवळ ओढला.

"अगं वेडी का काय तू! इथं असताना ती रोज झोपेत तुलाच हाका मारायची. आई, आई. आमाला झोपू देत नव्हती. जी जवळ नसती तिलाच हाक मारतात लेकरं. सवय जाईल."

मग, "खरंच, दादा?"

पोरीनं इथं झोपेत कधी कुणाला हाक मारली नव्हती. बायकोच्या पोटाशी दगडासारखी झोपायची. मी बायकोकडं बघितलं. तेव्हा जिनं आयुष्यात एक थाप मारली नाही, ती माझी बायको फोनवर वाकली आणि म्हणाली, "व्हय गं. रोज."

तिकडनं रडणं ऐकू आलं, हलकं झाल्यावरचं. फोन ठेवला. बायकोनं ती शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि पुढची घेतली.