थ राहिला होता

वाचनाने माणूस निर्भय होतो, हे मी शाळेपासून ऐकत आलो आणि बराच काळ खरंही मानत होतो. आयुष्यात सर्वांत जास्त घाबरलो तो मात्र एका पुस्तकापायी.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. वाशीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. तिथे एका निवृत्त पोस्टमास्तर आजोबांनी स्वतःची पुस्तकं आणून वाचनालय मांडलं होतं. मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात सून, नातवंडं आणि कपाटं एकत्र मावत नव्हती, त्यामुळे कपाटं खाली आली. त्यांच्यामागून आजोबाही रोज संध्याकाळी खाली येऊन बसत. पुस्तकं अक्षरवारीने लावलेली असत. अ वरच्या कप्प्यात, ज्ञ अगदी जमिनीलगत.

त्या क्रमामुळेच माझ्या डोक्यात खूळ शिरलं. प्रत्येक अक्षराचं एक पुस्तक, अपासून ज्ञपर्यंत. कोणाला सांगायचं नाही, फक्त वाचायचं. बायकोला अर्थातच कळलं. "पहिलीत नापास झाला होतात का हो?" एवढंच तिने विचारलं. क्षसाठी क्षयरोगावरचं एक पुस्तक निघालं. ते वाचून मी आठवडाभर खोकत होतो.

अडचण आली ती सोसायटीच्या सेक्रेटरींमुळे. ते सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि खुर्ची सुटल्याचं दुःख त्यांना आवरत नव्हतं. त्यांना त्या खोलीत सोसायटीचं ऑफिस हवं होतं: काच लावलेलं टेबल, बाहेर नावाची पाटी. दिवाळीनंतरच्या सभेत त्यांनी वाचनालयाचं रजिस्टर उघडून सर्वांना दाखवलं.

"पानोपानी एकाच गृहस्थांचं नाव आहे. याला वाचनालय म्हणायचं की खाजगी कपाट?"

आजोबा मागच्या खुर्चीत चष्मा पुसत होते. खोली गेली तर पुस्तकं रद्दीत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी उठलो आणि नको ते बोललो. "साहेब, मी प्रत्येक अक्षराचं एक पुस्तक वाचतोय. अर्ध्याच्या वर झालंय."

"अस्सं? मग पूर्ण करा. पाडव्याआधीच्या सभेत हिशेब द्या. एक माणूस तरी हे वाचनालय पुरतं वाचतो असं दिसलं, तर खोली राहील. नाहीतर नाही. इतिवृत्तात नोंद घ्या."

ज्या अक्षरांनी शब्दच सुरू होत नाहीत त्यांना सूट द्यावी, अशी मी विनंती केली. तीही रीतसर मतदानाने मंजूर झाली. मग रजिस्टरातली यादी न्याहाळत सेक्रेटरी म्हणाले, "थचं एकच पुस्तक दिसतंय. सुंदर! कॉलेजात असताना वाचलंय मी. तोंडपाठ म्हणा ना."

फेब्रुवारीअखेर सगळी अक्षरं झाली, फक्त थ राहिला. तो बांधणीला गेला होता. थ आणि म, अशी दोन पुस्तकं आजोबांनी तळवली गावातल्या एका बाइंडरकडे दिली होती. दोन्हींची सुरुवातीची पानं गळालेली, म्हणून प्रत्येकात नावाची एकेक चिठ्ठी ठेवली होती. बांधून झाल्यावर ती पाठीवर चिकटवायची. थच्या पुस्तकाचं नाव एकाच शब्दाचं होतं आणि त्यावरून आत काय असेल याचा काहीच पत्ता लागत नव्हता.

मी तीनदा गेलो. पावणे गावच्या कारखान्यातून सुटलो की बस धरून तळवली. बाइंडर ओटीवर चिकटवायची खळ ढवळत बसलेला असे. जमीन नव्या शहराच्या प्रकल्पात गेल्यावर त्याने हा धंदा धरला होता.

"आज नाय व्हनार. खल ओली हाय."

"अहो, रविवारी सभा आहे."

"मंग खलीला सांगा तसं."

शेवटच्या शुक्रवारी त्याने पुस्तकांवरचा पाटा उचलला आणि खाडीच्या वाऱ्याने त्याखाली ठेवलेल्या दोन्ही चिठ्ठ्या ओटीवर उडाल्या. एक पुस्तक सुकलं होतं, दुसरं ओलंच होतं. दोन्हींना सारखंच तांबडं रेक्झिन, जाडीही सारखीच.

"यातलं थचं कुठलं?"

"जुनी कवरं भावाच्या घरात हायत. तो जासईला गेलाय. उद्या सांजच्याला चावी येल, मंग बघून लावतो."

उद्या संध्याकाळी पुस्तक मिळून रविवारी सकाळपर्यंत वाचून होणार नव्हतं. आजोबा लेकीकडे गेले होते आणि थेट सभेलाच परतणार होते, त्यामुळे त्यांना दाखवायचीही सोय नव्हती. मी विचार केला: आजोबांनी थची घाई सांगितली असणार, म्हणजे तो आधी बांधला असणार, म्हणजे सुकलेला तोच. कारखान्यात असा विचार केला असता तर मला कोणी बॉयलरजवळ उभं केलं नसतं. थची चिठ्ठी उचलून मी स्वतःच्या हाताने सुकलेल्या पुस्तकावर चिकटवली. बाइंडर पुन्हा खळ ढवळायला लागला.

शनिवारी रजा टाकून वाचलं. काही पानं खळीने चिकटली होती, ती सुरीने सोडवली. जेवणाच्या ताटावर वाचलं, गॅलरीत उभं राहून वाचलं. दिवेलागणीला संपलं.

रविवारी गच्चीवर सभा भरली. सेक्रेटरींनी पुस्तक हातात घेतलं आणि वजन केल्यासारखं वरखाली हलवलं.

"सांगा, नायकाचं शेवटी काय होतं?"

"नायक नाही, साहेब. एक विधवा आत्या आहे. ती परसात विहीर खणायला घेते. गाव हसतं. शेवटी पाणी लागतच नाही."

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांचा चष्मा पुसणारा हात थांबला होता. काहीतरी चुकलं होतं, पण काय ते मला समजेना.

मग सेक्रेटरींनी डोळे मिटले. "वाहवा! तो शेवट! पाणी न लागणारी विहीर! मंडळी, इतकी वर्षं झाली, पण ती आत्या अजून माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे. खोली वाचनालयाकडे राहील. नोंद घ्या."

टाळ्या पडल्या. आजोबा टाळी न वाजवता खाली कुलूप उघडायला गेले.

पंधरा दिवसांनी दुसरं पुस्तक आलं; उरलेली चिठ्ठी बाइंडरने त्याच्यावर लावून टाकली होती. आजोबांनी ते चाळलं, पाठीवरची चिठ्ठी पाहिली आणि माझ्यापुढे सरकवलं.

"ही चिठ्ठी मची आहे. आतलं पुस्तक थचं. तू वाचलंस ते म होतं."

"पण मचं मी आधीच एक वाचलंय."

"मग दोन झाली."

"तुम्हाला सभेतच कळलं?"

"आत्या म्हणालास तेव्हाच. थमध्ये आत्या नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"ऑफिस झालं असतं," ते म्हणाले आणि चिठ्ठ्या सोडवायला वाटीत पाणी घेतलं.

थचं खरं पुस्तक पुढे बरीच वर्षं आपल्या कप्प्यात एकटंच होतं. मी काही ते वाचलं नाही. सेक्रेटरी मात्र नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचायचा आग्रह करत. ते फळझाडांवरच्या किडींबद्दल आहे.