मोरेश्वरला दिलेल्या बीटा कॅसेट

मोरेश्वर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला. "काका, बाबा गेले..." एवढंच तिला बोलता आलं. मग फोन सुमनवहिनींनी घेतला. "भाऊजी, सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळवतेय. तुमच्यावर त्यांचा फार जीव होता." मी "हो" म्हणालो. दीड महिना झाला, त्या "हो"ची लाज अजून जात नाही.

आता घरोघरी केबल आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मात्र घरी सिनेमा बघायचा तर व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणावी लागे. माझी लायब्ररी कल्याणला, मोरेश्वरची डोंबिवलीत, खाडीकडच्या अंगाला. कॅसेट दोन जातींच्या, बीटा लहान आणि व्हीएचएस मोठी. एक दुसरीच्या यंत्रात चालत नसे. चित्र बीटाचं अधिक स्वच्छ, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. पण मोरेश्वर कोळ्याचा मुलगा, त्याची आई बाजारात मासळी विकायची, आणि धंद्याची अक्कल त्याने तिच्याकडूनच घेतली होती. म्हणायचा, "आमची आय सांगते, ताज्या म्हावऱ्यासाठी ओरडावं लागत नाय. पाटी आपोआप खाली होते." मला हसू यायचं. आखातातून सुट्टीवर येणारा माणूस व्हीएचएसचं यंत्र आणायचा. त्याच्याकडची कॅसेट मागून आणता यावी म्हणून शेजारी तेच यंत्र घ्यायचा, मग शेजाऱ्याचा मेहुणाही तेच. चित्र कसं दिसतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, दुसऱ्याच्या घरात काय आहे तेवढं जो तो बघत होता. आणि गिऱ्हाईक जे मागतं तेच लायब्ररीवाला ठेवणार.

मुंबईहून आम्हा दोघांनाही माल पुरवणारा एक जण होता. एकदा माझ्याकडे चहा पिताना तो म्हणाला, "दिवाळीनंतर नवीन पिक्चर बीटावर येणार नाही. तुमच्याकडे असेल ते काढून टाका. डोंबिवलीला पण सांगा." मी "सांगतो" म्हणालो. डोंबिवलीला गेलोही, त्याच आठवड्यात.

आम्ही अधूनमधून एकमेकांच्या चार-पाच कॅसेट बदलून घ्यायचो, म्हणजे दोघांच्या गिऱ्हाइकांना काहीतरी नवं दिसायचं. त्या दिवशी मी म्हटलं, "मोरू, चार-पाच कशाला? माझी सगळी बीटा तू घे, तुझी सगळी व्हीएचएस मला दे. तुझं गिऱ्हाईक दर्दी आहे." तो बघतच राहिला. मग म्हणाला, "अरे, पण बीटा चांगली आहे रे. तुझं नुकसान होईल ना!" माझ्या नुकसानीची काळजी त्याला होती... आणि मी काय म्हणालो? "होऊ दे. मित्रासाठी एवढं चालतं." हे वाक्य मी हसत हसत म्हणालो होतो. टेम्पो भरताना माझी पेटी जड लागली तर ती त्याने स्वतः उचलली.

दिवाळी झाली. मोरेश्वरकडे नवं काही येईना. कल्याणला मी बीटा बंद केल्याने इकडच्या लोकांनी आपली बीटाची यंत्रं मोडीत काढली, ते पाहून डोंबिवलीतलेही व्हीएचएसकडे वळले. बीटा का हरली, असं कुणी विचारलं की लोक मोठमोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतात. आमच्या पट्ट्यात ती कुणी हरवली ते मला माहीत आहे. वर्षभरात मोरेश्वरची लायब्ररी बंद पडली आणि तो यंत्रदुरुस्ती करू लागला. भेटला की तेच मोकळं हसू. "नशीब रे," म्हणायचा. मी विषय बदलायचो. पुढे केबल आली आणि माझीही लायब्ररी गेली, तेव्हा धीर द्यायला पहिला आला तोही मोरेश्वरच.

दहाव्याला गेलो होतो. वहिनी जमलेल्या नातेवाइकांना सांगत होत्या, "या भाऊजींनी स्वतःचं नुकसान करून घेतलं, पण सगळा माल आमच्या ह्यांना दिला. हे शेवटपर्यंत सांगायचे." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी मान खाली घातली, तर तो माझा विनय ठरला. मग वहिनींनी आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. माझ्या लायब्ररीचा शिक्का असलेल्या सगळ्या बीटा कॅसेट ओळीने लावलेल्या होत्या. दर पावसाळ्यानंतर तो एकेकीची बुरशी पुसायचा म्हणे. मी दोन-चार हातात घेऊन पाहिल्या. फीत मागे गुंडाळून अगदी सुरुवातीला आणलेली, गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची असते तशी. "तुमच्याच आहेत, भाऊजी. घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "राहू द्या," एवढंच मला जमलं.

सुमनवहिनी ही पुरवणी दर आठवड्याला वाचतात. तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे. वहिनी, त्या कॅसेट मी मोरेश्वरला दिल्या नव्हत्या. त्याच्या गळ्यात मारल्या होत्या.