गजूने खिडकीतून पाहिलेले तीन गोल

सकाळी माझ्या ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेव्हा सलीमभाईचा फोन आला. सलीमभाई हा आमच्या भागातला जुना केबलवाला, माझा आणि गजूचा मित्र. "अनिल, गजू गेला बे. काट्यावरच. खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच तो म्हणाला. दुकानासमोर एक गिऱ्हाईक ब्रेक लायनरसाठी उभं होतं. मी आधी त्याला लायनर काढून दिलं, कोणत्या गाडीचं ते पुन्हा विचारून घेतलं आणि मग शटर खाली ओढलं. हे सांगायची तशी गरज नाही. पण गजूविषयी लिहिताना मला सोयीचं तेवढंच सांगायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसलो आहे. त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले.

गजानन वणीत चंद्रपूर रस्त्यावरच्या एका धरमकाट्यावर कोळशाच्या ट्रकांचं वजन करायचा. वीस-बावीस वर्षं त्याच एका काचेच्या खोलीत बसला. त्याआधी, म्हणजे आम्ही कॉलेजात नापास होत होतो त्या काळात, तो खाणीच्या कॉलनीतल्या मैदानावर फुटबॉल खेळायचा. तिथल्या एका बंगाली सर्व्हेअरने त्याला गोलकीपर केलं होतं. डाव्या हाताची करंगळी चेंडू अडवताना मोडली आणि वाकडीच बसली. बाकी आम्ही सगळे क्रिकेटवाले. युरोपातल्या क्लबांच्या मॅचचं वेड आम्हाला लावलं ते गजूने. माझ्या दुकानाच्या काउंटरवर नटबोल्ट मांडून त्याने मला ऑफसाइड समजावलं होतं. "हा मोठा बोल्ट डिफेंडर. हा वायसर तुहा माणूस. पास निंगाच्या वक्ताले वायसर बोल्टच्या पुढं दिसला, का झेंडा वर!" एक गिऱ्हाईक तोच बोल्ट मागत होतं, तर म्हणाला, "थांबा भाऊ, अजून पास झाला नाही."

दुकानामागच्या खोलीत मी टीव्ही ठेवला, सलीमभाईने वायर ओढून दिली. युरोपातल्या मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू व्हायच्या. आम्ही सहा-सात जण जमायचो. गजू बाराची ड्युटी संपवून थर्मासात चहा घेऊन यायचा. आमचा सगळ्यांचा क्लब एकच. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की दुसऱ्या क्लबाचे लोक माझ्या दुकानावर भांडायला येतील.

एकदा आम्ही एका गोलाने पुढे होतो आणि दहा-बारा मिनिटं उरली होती. अशा वेळी काय होतं, ते फक्त मॅच पाहणाऱ्यालाच कळेल. हातात चहा असून घोट घ्यायचं सुचत नाही. कोणाला लघवीला जायचं असून तो उठत नाही. त्यात त्या रात्री गजूला उशीर झालेला. दाराशी चपला काढून त्याने आत पाय टाकला आणि समोरच्यांनी गोल केला. मी म्हणालो, "गज्या, तू आला अन् गोल झाला. पनौती हायेस बे तू!" सगळे हसले. सगळ्यांत जास्त गजूच हसला. "असं हाय का? मंग घ्या, चाललो," म्हणत चपला घालून तो खरोखर बाहेर गेला आणि शेवटच्या मिनिटाला आमचा दुसरा गोल झाला. बस... तेवढ्यावर सगळं ठरलं. शब्द माझा होता. तो कोणाच्या तोंडून आपोआप आला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. शब्द माझा होता.

मग तो रिवाजच पडला. पेनल्टी आली, समोरच्यांचा कॉर्नर आला, की कोणीतरी म्हणायचं, "गजू, बाहेर." तो ग्लास घेऊन उठायचा आणि शटरला पाठ लावून रस्त्यावर उभा राहायचा. तिथून ओरडायचा, "काय झालं बे?" जीव मुठीत धरून बसलेल्यांपैकी कोणी उत्तर द्यायचं नाही. आतल्या आवाजावरून तो अंदाज बांधायचा. ज्याने आम्हाला हा खेळ पाहायला शिकवलं, त्यालाच त्या खोलीत सगळ्यांत कमी खेळ पाहायला मिळाला.

आमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मॅच ही उपान्त्य फेरीची दुसरी लढत होती. पहिल्या लढतीत आम्ही दोन गोलांनी हरलो होतो. दोन्ही लढतींचे गोल एकत्र मोजतात, म्हणजे आता तीन हवे होते, आणि आपल्यावर एकही व्हायला नको होता. अर्धा वेळ कोरा गेला. कोणीतरी म्हणालं, "आज गजूले राह्यलेलं पुरं अर्धं बाहेर ठेवा." गजू ग्लास उचलून उठला. पुढच्या अर्ध्या तासात तीन गोल झाले. सलीमभाई रडत होता. एक जण पलंगाच्या दांडीला कपाळ टेकवून बसला होता. पाच-सहा मिनिटं उरली होती आणि मला टीव्हीकडे पाहवेना, म्हणून मी मागच्या अंगणात गेलो.

तिथे जुने टायर पडलेले असायचे. त्यांतले दोन एकावर एक ठेवून, त्यांवर उभा राहून गजू मागच्या खिडकीतून टीव्ही पाहत होता. अंधारात मला बघून तो हसला. मी हळूच विचारलं, "कवापासून?"

"पयल्या गोलाच्या आधीपासून," तो म्हणाला. "अन्या, तिन्ही पाह्यले बे मी! तिसऱ्याले त कीपर हललाच नाही. जा ना, आत सांग त्यायले. म्हना, गजू पाहून राह्यला होता. मिटली पनौती!"

त्याच्या आवाजात केवढा तरी आनंद होता. माझ्या डोळ्यांसमोर पुरावा उभा होता. आणि मी म्हणालो, "उतर खाली. पाच मिनिटं राह्यले."

त्याला आधी वाटलं मी गंमत करतो आहे. मग तो उतरला. टायरवर बसला, खिडकीकडे पाठ करून. मी आत जाऊन मॅच पाहिली. त्या पाच मिनिटांत समोरच्यांचा एक फटका आमच्या खांबाला लागून परत आला, तेवढंच. आम्ही जिंकलो. सगळे नाचले, मला खांद्यावर घेतलं, "अन्यानं ओळखलं पनौतीले!" म्हणून. गजू पुढच्या दाराने आत आला, जणू रस्त्यावरूनच आला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून वाट पाहिली असावी. मी खांद्यावर होतो. मला ते आवडत होतं. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

खोलीतला शब्द खोलीत राहत नाही. काट्यावर येणारे ड्रायव्हर त्याला हसत हसत "पनौती बाबू" म्हणू लागले. लांबच्या फेरीला निघताना त्याच्या खोलीसमोरून जायच्या आधी तोंड फिरवू लागले. सलीमभाईने मोबाईलचं दुकान टाकलं, तेव्हा गजूला निरोप होता, "नारळ फुटल्यावर ये." तो नारळ फुटल्यावर आला, पेढा खाल्ला, गेला. सगळं हसण्यावारीच चाललं होतं. कोणी त्याच्याशी वाईट वागत होतं, असं मला तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो.

माझ्या बायकोचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. आदल्या संध्याकाळी गजू घरी आला. म्हणाला, "मी येतो संगं. दवाखान्यात एका मानसाचं काम नसते. मी रजा टाकली हाये." मी म्हणालो, "नको, तू राह्य इथंच." त्याने काहून म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाला. पाच मिनिटं बसून बायकोला पथ्यपाणी विचारलं आणि निघून गेला. ऑपरेशन नीट झालं. त्याचं श्रेय मी गजूच्या न येण्याला दिलं होतं, हे आता आठवून पाहिलं की... असो.

हळूहळू त्याने खोलीवर येणं सोडलं. आम्हीही पांगलो, जो तो आपल्या मोबाईलवर पाहू लागला. तो जायच्या दहा-बारा दिवस आधी दुकानावर आला होता. काही घ्यायचं नव्हतं. काउंटरला टेकून म्हणाला, "यंदा आपला क्लब मस्त खेळून राह्यला. मी मोबाईलवर पाहतो, एकटाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतो, तरी जिंकते बे!" आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. ते टायर, ती खिडकी, सगळं त्या वाक्यात होतं. इतक्या वर्षांनी त्याने पुन्हा एकदा मला संधी दिली होती. मी म्हणालो, "हो का," आणि गिऱ्हाइकाकडे वळलो.

चौदाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, मंदावहिनी, आत होत्या. मुलगी प्रांजली पुण्याहून आली होती, तिथे ती एका कंपनीत नोकरीला आहे. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, तुझ्या बाबांना तुझा फार अभिमान होता. ती म्हणाली, "काका, माह्या एकाही पेपरच्या दिवशी बाबा घरी नव्हते. मी उठायच्या आधी निंगून जायचे. लहानपणी वाटे, ड्युटी असन. दहावीनंतर आईनं सांगितलं, का आपलं तोंड दिसू नये म्हणून जातेत."

मी खाली पाहत होतो. ती सांगत राहिली. नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी ती मुद्दाम पहाटे चारलाच उठून दारात बसली. गजू निघाला, ती वाटेत बसलेली दिसली तसा त्याने दुपट्ट्याने तोंड झाकलं. "मी दुपट्टा ओढला. म्हटलं, पाहू द्या मले नीट. पाहून गेली, अन् त्याच मुलाखतीत लागली. पेढे घेऊन आली, त बाबा म्हनतेत, तुहं नशीब जोरदार होतं म्हनून वाचली." ती जरा हसली. "कोनं भरवलं होतं काका त्यायच्या डोक्यात एवढं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं. शब्द, खिडकी, टायर, "उतर खाली", सगळं. तिने विचारलं, "तिन्ही गोल पाह्यले त्यायनं?" मी हो म्हणालो. "खुश होते?" मी म्हणालो, खूप. तिने मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. पाण्याचा रिकामा ग्लास उचलत म्हणाली, "हे मले सांगून काय होईन? जेथं म्हटलं होतं तेथं सांगा. अन् गावाले सांगा." हा लेख त्यासाठी आहे.

पण आधी खोलीत सांगितलं. आमच्या क्लबाची मॅच एका रात्री जरा लवकर, सव्वाअकराला होती, तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं. जुन्यांपैकी चौघं आले. मॅच सुरू व्हायच्या आधी मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि बोललो. एक जण म्हणाला, "अबे, ते त मजाक होती. गजूले बी माहीत होतं." सलीमभाई टीव्हीकडे पाहत म्हणाला, "माझ्या दुकानाच्या दिवशी तो समोरच्या झाडाखाली उभा होता. नारळ फुटेपर्यंत. मी पाह्यलं होतं त्याले." आणि त्याने आवाज पुन्हा सुरू केला.

शेवटची दहा मिनिटं आली. आम्ही एका गोलाने पुढे होतो, समोरच्यांना कॉर्नर मिळाला होता, आणि तेवढ्यात दार ढकलून एक ट्रक ड्रायव्हर आत डोकावला. दुकानाचा दिवा पाहून आला होता, त्याचा हवेचा पाइप फाटला होता. सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे वळून पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. माझ्याही डोळ्यांत ती असणार. तो दचकून तिथेच थांबला. मी म्हणालो, "आइए, अंदर आइए." त्याने आत पाय टाकला आणि कॉर्नरवरून गोल झाला. आमच्यावर.

ड्रायव्हर टीव्हीकडे आणि आमच्याकडे पाहत ओशाळून म्हणाला, "मेरे आने से हुआ क्या?"

सलीमभाई पलंगावर सरकला, शेजारी जागा केली. "नहीं भाई," तो म्हणाला, "अपना डिफेंडर सो रहा था. बैठो. पूरा देख के जाना."