बिनमिठाची कोकमं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ थोडी सैल होतेय — हाही भित्रेपणाच, ठाऊक आहे मला.

मी सावंतवाडीत रसायनशास्त्र शिकवते. वर्षातला एक तास मला नको असतो. रेणूत इलेक्ट्रॉन बहुतेक जोडीनं राहतात, एकाची फिरकी इकडे तर दुसऱ्याची उलट. चुंबकाला बाहेरून काही कळत नाही. पण एखादा एकटा उरला, की चुंबकात ठेवून त्याची फिरकी पकडता येते. कागदावर बारीक बारीक रेषा उमटतात, आणि तो रेणूत कुठे बसलाय ते त्या रेषा सांगतात. इथपर्यंत मी छान शिकवते. मग येतो ऑक्सिजन. साधा, हवेतला. त्याच्यात दोन इलेक्ट्रॉन एकटे. नमुन्याच्या नळीत तो राहिला, तर दुसऱ्याच्या सगळ्या रेषा फिसकटून टाकतो... इथे माझा आवाज बसतो. मुलांना वाटतं, बाईंना खडूची धूळ बाधते.

२००२ साली एम.एस्सी.ला आम्ही दोघी मैत्रिणी होतो, शालन आणि मी. शालन मालवणजवळच्या वाडीतली. वडील होडीवर, आई मासळी सुकवून विकणारी. मी शेतकऱ्याची, जरा मिजासखोर. कल्पना शालनची होती: कोकमाचा लाल रंग अल्कलीत मिसळला की त्यात एकटा इलेक्ट्रॉन तयार होतो, त्याच्या रेषा बघायच्या. यंत्र दूर शहरात. आमच्या मार्गदर्शक सरांनी खटपट करून तिथला एक दिवस मिळवला होता. रेषा चांगल्या आल्या, तर शालनला पुढे संशोधनाला पाठवायचं, हे सरांनी बोलून दाखवलं होतं. शालन त्या दिवसांत चालायची नाही, उडायची.

कोकमं तिच्या आईनं सुकवली. मी त्यांना मावशी म्हणते. कोकमाला मिठाची आणि रसाची पुटं द्यायची, ही जन्माची सवय. पण लेकीनं बिनमिठाची मागितली. "मीठ नाय घातलला कोकम टिकता काय गो?" मावशींनी मला दोनदा विचारलं. मे महिना होता. पावसाळ्यासाठी सुक्या मासळीची बेगमी करायचे ते दिवस. वाडीतलं प्रत्येक खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बांगड्यांनी भरलेलं, आणि मावशींच्या खळ्यात आठ दिवस फक्त कोकमं, धुतलेल्या लुगड्यावर. मासळीचा वास लागू नये म्हणून त्यांनी एकही बांगडा घराजवळ येऊ दिला नाही. शेजारणी हसल्या. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. लक्षात ठेवा हे.

माझं काम एकच होतं. नळ्या बंद करण्याआधी प्रत्येकीतून पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडून हवा घालवायची. नळ्या बारा. शालन त्या दिवशी आली नव्हती, वडील तापानं पडले होते. मी पहिल्या दोन नळ्या नीट केल्या, त्यातली एक बंद करताना तडकली, दुसरी हातून पडली. मग घाम, कंटाळा, आणि एकची एस.टी. उरलेल्या दहांना दोन-दोन मिनिटं दिली आणि टोकं वितळवून बंद केली. कारण मोठं असतं तर बरं वाटलं असतं. नव्हतं.

सर नळ्या घेऊन शहरात गेले आणि परत आले ते कागद घेऊनच. रेषा नव्हत्या, नुसतं बोथट टेंगूळ. पाहताक्षणी मला कळलं. सरांनाही शंका आली असणार, कारण पहिला प्रश्न तोच — नायट्रोजन नीट दिलास ना? पंधरा-पंधरा मिनिटं, मी म्हटलं. मग नमुन्यातच घाण असेल, एखादा धातूचा अंश, ते पुटपुटले. इथे मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. नाही का? पण मी म्हणाले, "सर, त्यांच्या खळ्यात मासळी सुकते ना."

सरांनी बाजारातून बिनमिठाची कोकमं शोधून आणवली, यंत्राचा आणखी एक दिवस मिळवला. या वेळी मी घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं मोजली. रेषा आल्या, अशा देखण्या की सर दोन दिवस खिशात कागद घेऊन हिंडले. शालनच्या घरचंच कोकम वाईट, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे संशोधनाला मी गेले. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं — कुणी धरलं होतं माझं तोंड?

शालनला मी सांगितलं, तुझ्यासाठी सरांशी खूप भांडले. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण मी तिची पाठ थोपटत राहिले. मग मला सोबत घेऊन ती घरी गेली आणि आईवर ओरडली, "तुका सांगलेलंय ना, मासळी लागता कामा नये म्हणान!" मावशींनी एकदाही नाही म्हटलं नाही. खळ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मांजरान खंयचो तरी बांगडो ओढून हाडलो आसतलो. माजाच लक्ष ऱ्हवला नाय गो." त्या माझ्याकडे वळल्या, मीसुद्धा ते स्वच्छ खळं पाहिलं होतं म्हणून. मी चपला घातल्या.

शालन आता देवगडला असते, औषधाच्या दुकानात बसते. मुलीला माझी ओळख करून देते: ही मावशी माझ्यासाठी भांडली होती.

आणि दर मे महिन्यात शालनच्या आई एस.टी.च्या कंडक्टरकडे माझ्यासाठी कोकमांची पिशवी देतात. मग वाडीतल्या दुकानातून फोन करतात. यंदाही आला. "बाय, कोकमा धाडलंय. स्वच्छ आसत हां. मासळी जवळ येवक दिलंय नाय."

मी म्हटलं, बरं मावशी.